नदीला ताप येतो तेव्हा

घरात लेकराचे अंग गरम लागले की माय आधी कपाळाला हात लावते. मग थर्मामीटर, मग ओल्या पट्ट्या, मग डॉक्टर. ताप हा स्वतः आजार नसतो, आत काहीतरी बिघडल्याची ती खूण असते, हे आपल्या आयाबायांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. पण नदीच्या कपाळाला हात कोण लावतो?

पाणी काळे झाले की आपण म्हणतो, नदी खराब झाली. वास सुटला की नाकाला रुमाल लावतो. पण पाणी तापले आहे, याची दखल कोणी घेत नाही. तापलेल्या पाण्याला रंग नसतो, वास नसतो. म्हणून ते फोटोत येत नाही आणि निवेदनातही येत नाही. तरी मासे मरण्यामागे, पाणी कुजण्यामागे आणि डासांचे मोहोळ उठण्यामागे घाणीइतकाच या उष्णतेचाही हात असतो. हा विषय शास्त्रज्ञांचा आहे, आपला नाही, असे समजून पान उलटू नका. नदीच्या काठावर राहतो कोण, याचा विचार केला की विषय कोणाचा आहे ते आपोआप कळते.

मी नागपूरचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच शहरात धम्मदीक्षा घेतली आणि दिली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी दीक्षेसाठी नागपूर का निवडले ते सांगितले. नाग लोकांनी या देशात बुद्धधम्माचा प्रसार केला, त्यांची वस्ती या भागात होती, असे सांगताना त्यांनी या गावातून वाहणाऱ्या नाग नदीचाही उल्लेख केला. म्हणजे ही नदी आपल्या इतिहासात नावानिशी नोंदलेली आहे. आज बाहेरगावचा पाहुणा दीक्षाभूमीवर येतो, रिक्षातून नाग नदीचा पूल ओलांडतो आणि विचारतो, "हा कोणता नाला?" उत्तर देताना मान खाली जाते.

ही नदी शहराच्या पश्चिमेला वाडीजवळच्या लाव्हाच्या टेकड्यांत उगम पावते. अंबाझरी तलावात येते, तिथून निघून सुमारे १७ किलोमीटर शहरातून पूर्वेकडे वाहते, पिवळी नदीला मिळते, पुढे कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला. वैनगंगेवर पवनीजवळ गोसेखुर्द धरण आहे. पवनी म्हणजे साधे गाव नव्हे. तिथे १९६९-७० च्या सुमारास झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडले. दीक्षाभूमीच्या शहरातले पाणी शेवटी जुन्या स्तूपांच्या गावाशी जाऊन थांबते. त्या पाण्यातून आपण काय पाठवतो, हा माझा प्रश्न आहे.

पाण्याचा जमाखर्च

मी बी.कॉम. झालेला कारकून. विज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही. पण पाण्याच्या तापमानाविषयी वाचायला लागलो तेव्हा लक्षात आले की हा सगळा मामला आपल्या रोजकीर्दीसारखाच आहे. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च, खाली शिल्लक. उष्णतेची शिल्लक म्हणजे पाण्याचे तापमान.

जमेच्या बाजूला सर्वात मोठी रक्कम उन्हाची. उघड्या पाण्यावर पडणारे ऊन थेट खात्यात जमा होते. त्यानंतर गरम हवा, तापलेले काठ व दगड आणि वरून येऊन मिळणारे गरम पाणी, मग ते रस्त्यावरचे असो, गटाराचे असो की कारखान्याचे. खर्चाच्या बाजूला बाष्पीभवन. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने नदीही गार होते. रात्री मोकळ्या आकाशाकडे पाणी आपली उष्णता सोडते, तोही खर्च. आणि तिसरा खर्च जमिनीखालचा. नदीच्या तळातून, काठातून झिरपून येणारे झऱ्यांचे पाणी नदीला थंड ठेवते.

जमिनीच्या पोटातल्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. ते साधारण त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीइतके राहते. म्हणून पौषात विहिरीचे पाणी कोमट लागते आणि वैशाखात गार लागते. विहीर बदलत नाही, बाहेरची हवा बदलते. नदीला झऱ्यांचा असा आधार असेल तर मे महिन्यातही तिचे डोह गार राहतात. विहिरी, बोअरवेल यांनी भूजल खाली गेले, झरे आटले, की नदीचा हा आधार तुटतो.

आणखी एक हिशेब फार महत्त्वाचा आहे. तीच आच पातेलेभर पाण्याला दिली आणि कपभर पाण्याला दिली, तर कप आधी उकळतो. नदीचेही तसेच. वर पाणी अडवले, पंप लावून उपसले आणि खाली पाऊलभर धार उरली, तर ती धार त्याच उन्हात कितीतरी जास्त तापते. कोणी तिच्यात गरम पाणी ओतले नाही तरी तापते. पाणी पळवणारा पाणी तापवतोही, ही गोष्ट हिशेबात धरली पाहिजे.

पृथ्वीच्या पोटातली उष्णताही काही ठिकाणी पाण्यात येते. नांदेड जिल्ह्यात उनकेश्वरला, ठाणे-पालघरकडे गणेशपुरी-वज्रेश्वरीला गरम पाण्याचे झरे आहेत. राजगृहाच्या तपोदा नदीचा उल्लेख तर विनयपिटकात आहे. भिक्खू तिथे इतका वेळ नहात बसले की बिंबिसार राजाला ताटकळावे लागले आणि त्यावरून भगवंतांनी स्नानाचा नियम घालून दिला. या झऱ्यांत देवीचा कोप नाही आणि कृपाही नाही. जमिनीत जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. खोल गेलेले पाणी भेगांतून वर येताना ती घेऊन येते, इतकेच. ही उष्णता निसर्गाची आहे, तिच्याशी आपले भांडण नाही. आपले भांडण माणसाने चढवलेल्या तापाशी आहे.

मायचा झिरा

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाला एक नाला आहे. लहानपणी त्याला दोन घाट होते. वरचा गावाचा, खालचा आमचा. गावाची गुरे धुतलेले, गावाची धुणी झालेले पाणी आमच्याकडे येई. ही व्यवस्था कोणी कागदावर लिहिली नव्हती, पण मोडायची कोणाची हिंमत नव्हती. वरच्या घाटावर करंज, जांभूळ आणि अर्जुनसादडा यांची दाट सावली होती. खाली आमच्या बाजूला काठ उघडा, वाळू आणि ऊन.

माय तांबडे फुटायच्या आत पाण्याला जायची. मी एकदा विचारले, "माय, इतक्या अंधारात काहून जातेस?" ती म्हणाली, "बाबू, सकाळचं पाणी निजलेलं असते. दुपारी ते तापते, मंग त्याला वास मारते." ती वाहत्या पाण्यात घागर बुडवत नसे. काठापासून चार हात दूर वाळूत झिरा उकरायची, पहिले गढूळ पाणी वाटीने उपसून टाकायची आणि मग स्वच्छ पाणी झिरपेपर्यंत थांबायची. ते पाणी वैशाखातही गार लागे. वाळूतून गाळलेले आणि उन्हापासून लपलेले पाणी. मायला अक्षर ओळख नव्हती, पण वाळूखालचे पाणी आणि उघड्यावरचे पाणी यांतला फरक तिला कळत होता. आज शास्त्रज्ञ नदीच्या तळाखालून वाहणाऱ्या याच पाण्याचा अभ्यास करतात.

सावलीचा फरक किती पडतो? याचा एक पक्का दाखला अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातला आहे. तिथे आल्सी नदीच्या खोऱ्यात १९५९ पासून १५ वर्षे तीन लहान ओढ्यांवर प्रयोग झाला. आधी सात वर्षे नुसती मोजमापे घेतली. मग १९६६ मध्ये एका ओढ्याचे सगळे जंगल तोडले, काठावर एक झाड ठेवले नाही. दुसऱ्याच्या खोऱ्यात काही भागातच तोड केली, पण काठचा झाडांचा पट्टा राखला. तिसऱ्याला हात लावला नाही. ज्याचे काठ बोडके केले, त्या ओढ्याचे वर्षातले सर्वात जास्त तापमान १४ अंशांच्या आसपास असे, ते तोडीनंतरच्या वर्षी २९ अंशांवर गेले. थंड पाण्याच्या माशांसाठी हा फार मोठा घाला होता. ज्याच्या काठची झाडे राखली, त्याच्यात तसा फरक पडला नाही. पुढे काठावर झाडे पुन्हा वाढली तसा पहिल्या ओढ्याचा ताप उतरत गेला.

मला या प्रयोगातली शेवटची गोष्ट जास्त मोलाची वाटते. नदीचा ताप कायमचा नसतो. सावली परत दिली तर तो उतरतो.

आमच्या नाल्यावर काही वर्षांपूर्वी खोलीकरणाचे काम आले. जेसीबी आला, तीन-चार दिवसांत नाला रुंद झाला, सरळ झाला, आणि वरच्या घाटाची ती सगळी झाडे मुळासकट गेली. कंत्राटदाराला मी म्हटले, "भाऊ, नाला खोल करा, पण झाडे कशाला काढता?" तो म्हणाला, "मशीनला जागा पाहिजे ना साहेब." मी संबंधित कार्यालयात अर्ज दिला. उत्तर आले की अंदाजपत्रकात झाडांची बाब नाही. खरेच नव्हती. मातीचे घनमीटर होते, डिझेल होते, सावलीचा रकाना नव्हता.

न्यायाने बोलायचे तर काम सगळेच वाईट झाले नाही. पाणी आता पूर्वीपेक्षा जास्त दिवस थांबते, शेजारच्या विहिरींना त्याचा उपयोग होतो. शेतकऱ्याला हे हवेच होते. पण एप्रिलमध्ये जे पाणी उरते ते उन्हात उघडे, हिरवे, शेवाळलेले. खेकडे दिसत नाहीत. एका काठावरून मशीन चालवून दुसऱ्या काठची झाडे ठेवता आली असती. पाणी आणि सावली यांत निवड करायची गरज नव्हती, पण ती करायला लावली गेली.

शहराचा ताप

शहरात नदीला चार बाजूंनी ताप चढतो.

पहिला ताप सिमेंटचा. काठाला उंच भिंती आणि काही ठिकाणी तळालाही काँक्रीट. भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता पाण्याकडे सोडते. तळ बंद झाला की खालचे झरे बंद. सपाट तळावर पाणी पातळ पसरते, म्हणजे पुन्हा कपभर पाण्याचाच हिशेब. भिंतीशिवाय पूर आवरता येत नाही असे सांगितले जाते. पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला तेव्हा भिंती असूनही पाणी लोकांच्या घरांत शिरले. नदीला पसरायला जागा लागते. ती जागा आपण बांधून काढली.

दुसरा ताप रस्त्यांचा. नागपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जातो. डांबर तर त्याहून कितीतरी जास्त तापते, अनवाणी चालणाऱ्याला ते विचारायला नको. अशा रस्त्यावर वळवाची पहिली सर पडते, ते पाणी उष्णता, तेल, धूळ, प्लास्टिक घेऊन पाच मिनिटांत गटारात आणि गटारातून नदीत. मातीवर पडलेला पाऊस आधी मुरतो, गार होतो, मग सावकाश नदीला मिळतो. डांबरावरचा पाऊस थांबतच नाही.

तिसरा ताप सांडपाण्याचा. आंघोळीचे, भांड्यांचे, धुण्याचे पाणी कोमट असते. थंडीच्या पहाटे नाल्यावर वाफ दिसते ती त्यामुळेच. त्यातली घाण तर आहेच, पण घाण आणि ऊब एकत्र आली की जंतूंना मेजवानी.

चौथा ताप कारखान्यांचा आणि वीज केंद्रांचा. कोळशाच्या वीज केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची वीज होते. उरलेल्यातली बरीचशी उष्णता थंड करण्याच्या पाण्यात जाते. ते पाणी तसेच नदीत सोडले तर नदी तापते. म्हणून नियम आहेत. पर्यावरण संरक्षण नियमांप्रमाणे सोडलेल्या पाण्याचे तापमान नदीच्या पाण्यापेक्षा ५ अंशांहून जास्त असता कामा नये. १ जून १९९९ नंतरच्या, नदी-तलावाचे पाणी घेणाऱ्या वीज केंद्रांना शीतकरण मनोरे बंधनकारक केले गेले. कोराडीला दिसणारे ते कमरेत बारीक झालेले प्रचंड मनोरे याच कामाचे. धूर वाटतो तो बहुतेक वाफेचा. तिथे उष्णता नदीऐवजी हवेत जाते. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या कामी येते, ही चांगली गोष्ट आहे. धरणाचे तेवढे पाणी माणसांसाठी वाचते. म्हणजे इच्छा असली तर मार्ग निघतो.

जमा घटते, खर्च वाढतो

पाणी तापले तर बिघडते काय? हवेतला प्राणवायू पाण्यात विरघळतो, त्यावर मासे जगतात. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना साडेसात. ३५ अंशांना सातच्या आसपास. उघडलेली सोड्याची बाटली उन्हात ठेवली की तिचा वायू भराभर निघून जातो, तोच हा नियम.

आता दुसरी बाजू. मासा थंड रक्ताचा. पाणी १० अंशांनी तापले तर त्याची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. घाण कुजवणारे जंतूही उबेत जोराने वाढतात आणि तेही तोच प्राणवायू खातात. पगार कमी झाला आणि त्याच महिन्यात घरात खाणारी तोंडे दुप्पट झाली, तर त्या घराचे काय होईल? नदीचे तेच होते. पाण्यात घाण किती, हे ठरवायची एक चाचणी आहे. विलायतेत ती २० अंशांवर पाच दिवस करतात. आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस. कारण आपले पाणी मुळातच उबदार, इथे कुजण्याचा वेग जास्त. म्हणून तितकीच घाण थंड देशातल्या नदीला जेवढी बाधते त्याहून आपल्या नदीला जास्त बाधते.

शेवाळलेल्या पाण्यात दिवसा वनस्पती प्राणवायू तयार करतात, रात्री त्याच तो वापरतात. म्हणून पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वात कमी असतो आणि मासे पहाटे मरतात. सकाळी पांढरी पोटे वर करून तरंगणारे मासे पाहून लोक म्हणतात, रात्री कोणीतरी विष टाकले. कधी टाकलेले असतेही. पण कधी कधी विषाची गरजच पडत नाही. सांडपाण्यातल्या अमोनियाचे विषही तापलेल्या पाण्यात जास्त भिनते. डासांच्या अळ्या कोमट पाण्यात लवकर डास होतात. हिवताप आणि हत्तीरोग कोणाच्या घरात शिरतो, ते वेगळे सांगायला नको.

या सगळ्याची किंमत कोण मोजतो? ज्याच्या घरी कूलर आहे, नळाला मीटरचे पाणी आहे, त्याला नदीच्या तापाची झळ लागत नाही. झळ लागते काठावरच्या झोपडीला. झळ लागते खाली वैनगंगेच्या ढिवर बांधवांना, ज्यांच्या जाळ्यात शहराची घाण येते. वरचा घाट आणि खालचा घाट ही गावातली रीत मोडायला १९२७ साली महाडला बाबासाहेब आणि हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली. पण शहर आज तेच नव्या पद्धतीने करते. वरच्याने वापरायचे, खालच्याने सोसायचे. आणि या हिशेबात आपण नागपूरकर ढिवरांच्या वरच्या घाटावर उभे आहोत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. समतेची भाषा बोलणाऱ्याने आपल्या खाली कोण आहे ते पाहिले पाहिजे.

बाबासाहेब आणि धम्म काय सांगतात

बाबासाहेबांचे नाव आपण संविधानाशी जोडतो, पाण्याशी फक्त महाडपुरते जोडतो. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याबरोबर पाणी आणि वीज यांचे धोरणही त्यांच्याकडे होते. दामोदर खोरे, हिराकुड यांची पायाभरणी त्या काळातली. १९४५ मध्ये जलमार्ग, सिंचन व नौवहनाचा केंद्रीय आयोग त्यांच्याच कारकिर्दीत उभा राहिला. जास्त पाणी हे संकट नसून ती संपत्ती आहे आणि नदीचा विचार संपूर्ण खोऱ्याचा म्हणून करावा, अशी त्यांची दृष्टी होती. खोऱ्याचा विचार म्हणजे वरचा आणि खालचा यांचा एकत्र विचार. धरण, वीज, कारखाना यांना विरोध हा आपला मार्ग नाही. वीज आपल्या घरातही पाहिजे. पण त्या विजेची राख आणि ताप एकाच समाजाच्या दारात का, हे विचारणे आपला हक्क आहे.

धम्माकडे पाहा. विनयात भिक्खूंना पाण्यात थुंकायला, मलमूत्र करायला मनाई आहे. हिरव्या गवतावरही मनाई आहे. जीवजंतू असलेले पाणी वापरायला मनाई आहे. झाड तोडणे हा दोष आहे. बागा आणि वने लावणाऱ्यांचे, पूल आणि पाणपोया उभारणाऱ्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते, असे संयुक्त निकायात सांगितले आहे. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेला वड लावले ते माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून, असे त्याच्या स्तंभलेखात कोरलेले आहे. सावली देणे हे राज्यकर्त्याचे काम आहे, असे मानणारा राजा आपल्या परंपरेत होऊन गेला. आणि संविधानाच्या कलम ५१ अ मध्ये वने, तळी, नद्या यांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. हक्क मागताना हे कर्तव्यही आपल्या तोंडी असावे.

थर्मामीटर आणि वही

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेतल्या पोरांबरोबर मागच्या उन्हाळ्यात एक साधे काम केले. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा काचेचा तापमापक आणला. त्याला दोरी बांधली. दर रविवारी सकाळी सहाला आणि दुपारी तीनला दोन ठिकाणचे पाणी मोजायचे. एक ठिकाण जिथे अजून दोन-चार उंबर आणि करंज काठावर उरले आहेत, दुसरे जिथे फक्त भिंत आहे. वहीत रकाने आखायचे काम माझे, आकडे लिहायचे पोरांचे. पहिल्या रविवारी पोरे हसत होती. चौथ्या रविवारी आठवीतली एक मुलगी मला म्हणाली, "काका, सकाळी दोन्हीकडे जवळजवळ सारखंच असते, दुपारीच फरक पडते. म्हणजे घाण तीच, फरक सावलीचा आहे ना?" तिला कोणी सांगितले नव्हते. वहीने सांगितले.

ती वही घेऊन आम्ही एका बैठकीत गेलो. विषय होता काठाच्या सुशोभीकरणाचा. नकाशात फरशी होती, दिवे होते, कारंजे होते. एका साहेबांनी विचारले, "तुमची मागणी काय?" मी म्हटले, "साहेब, कारंज्याच्या जागी करंज लावा." सगळे हसले, पण दोन्ही काठांवर झाडांची ओळ लावण्याची सूचना लिहून घेतली गेली. लिहून घेणे आणि लावणे यांत किती अंतर असते, हे कारकुनाला कोणी शिकवू नये. म्हणून त्या सूचनेची नक्कल आमच्या फाइलमध्ये आहे आणि दर दोन महिन्यांनी स्मरणपत्र जाते.

नाग नदीच्या प्रदूषण निर्मूलनासाठी १९०० कोटींहून जास्त रुपयांची योजना मंजूर झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिची पायाभरणी झाली. सांडपाणी अडवून शुद्ध करणे हे त्यातले मुख्य काम, आणि ते झालेच पाहिजे. पण घाण काढली आणि काठ बोडका ठेवला तर नदी अर्धीच बरी होईल. औषध दिले आणि लेकराला उन्हात झोपवले, असे ते होईल.

तेव्हा आपण काय करावे? नदी, नाला, ओढा ज्यांच्या वस्तीजवळ आहे त्यांनी काठावर करंज, जांभूळ, उंबर, अर्जुनसादडा लावावेत. ही आपल्या मातीतली, ओल्या काठावर तगणारी झाडे. मे महिन्याच्या शेवटी सूर्य नागपूरच्या अगदी डोक्यावर येतो, तेव्हा दूर लावलेल्या झाडाची सावली पाण्यावर पडत नाही. म्हणून फांद्या पाण्यावर झुकतील इतके जवळ लावावेत. आषाढाच्या पहिल्या पावसात लावले तर जगतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्यांची मोजणी करावी, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरे लावावे आणि त्यापुढचे दोन उन्हाळे पाणी घालायची पाळी घराघरांत वाटून घ्यावी. गावात खोलीकरणाचे काम आले तर ग्रामसभेत एक काठ राखण्याचा ठराव मागावा. कारखान्याचे पाणी गरम लागले तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी, तारीख, वेळ आणि तापमान लिहून. तोंडी तक्रार हवेत जाते, कागद फाइलमध्ये राहतो.

आणि प्रत्येक विहारात एक तापमापक, एक वही ठेवावी. आपल्या पोरांना मोजायची सवय लागली पाहिजे. ज्या समाजाला शतकानुशतके पाण्याला हात लावू दिला नाही, त्या समाजाच्या मुली आज नदीचा ताप मोजून त्याची नोंद ठेवू शकतात. आमच्या वहीचा दुसरा उन्हाळा आता सुरू होतो आहे. करंजाची वीस रोपे विहाराच्या मागच्या बाजूला पिशव्यांत तयार आहेत. पाऊस पडला की लावायची आहेत. ज्यांना रोप न्यायचे असेल त्यांनी सोबत पाणी घालणाऱ्याचे नाव आणावे.

जय भीम.